तळ्याकडची वाट

१४ एप्रिल

परत आलो. तिघंही आलो. व्हॅन नाही आली.

दादाच्या उजव्या कानातून पिवळट पाणी येतंय. त्याने मफलर गुंडाळलाय, आईला वाटतंय थंडी बाधली. तिला अजून सांगितलेलं नाही. वहिनीला सांगितलं. तिने आधी खोलीचं दार लावून घेतलं, मग म्हणाली, "हं. आता बोला."

लिहून काढते. मला माझा स्वभाव माहितीये, आठवड्याभरात मी याची गोष्ट करायला जाईन, मधलं एखादं टोक कापीन, शेवट फिरवीन. म्हणून आत्ताच. सरळ.

नेहमीसारखेच गेलो होतो. दादा गाडी चालवणार, मी शेजारी नकाशा घेऊन चुकीची वळणं सांगणार, आमचा दोस्त कासव मागे सॅकांमध्ये रुतून झोपणार. दोन शिखरं झाली. तिसरं वाऱ्याने करू दिलं नाही. कासव कायमचा शेवटी — वर पोचला की आम्ही उतरायला उठलेलो असतो. यावेळी तो दातांच्या लॅबमधल्या सगळ्या कवळ्या अर्ध्यावर टाकून आलेला. "अर्धं शहर बोळकं करून आलोय तुमच्यासाठी!" वगैरे. चांगले दिवस होते. हे लिहिताना पण राग येतोय, की चांगले होते.

काल दुपारी खिंडीतून खाली. एवढ्या उंचावरून गाडीने भराभर उतरलं की कान बसतात. आत कापूस कोंबल्यासारखं होतं. मग आमचा फुगा! नाक चिमटीत, तोंड घट्ट मिटलेलं, गाल फुगवायचे आणि आतून जोर लावायचा. टप् करून कान उघडतात. ज्याचे शेवटी उघडतील त्याने चहा पाजायचा. किती वर्षांचा नियम आहे. शेवटचं वळण आलं की दादा ओरडतो, "फुगाऽऽ!"

त्या वळणानंतर लगेच पोलीस चौकी. एक खोली, एक फाटक, मागे लाकडांचा ढीग. फाटक एरवी वरच असतं, आम्ही हात करून पुढे जातो. काल खाली होतं. दादाने गाडी थांबवली, काच खाली केली. हवालदार आत बघायला वाकला. आणि नेमका त्याच वेळी दादा — नाक चिमटीत, गाल टम्म, डोळे वटारलेले — थेट त्याच्या तोंडासमोर.

मागे कासव फस्सकन हसला.

हवालदार म्हणाला, "वास येतोय का माझा?"

दादाचे कान बसलेले. त्याला नुसते ओठ हललेले दिसले. तो म्हणाला, "काय?" कान बसलेला माणूस म्हणतो तसं, ओरडून. "कायऽऽ?"

एवढंच. एवढंच झालं. दार उघडलं गेलं, दादा बाहेर. पहिली थप्पड पसरट नव्हती. पंजा वाटीसारखा वळवून मारली, बरोबर कानावर. आवाज वेगळाच आला — रिकाम्या डब्याचं झाकण दाबून बसवावं तसा. मग खोलीतून अजून दोघं आले. एक हवालदाराबरोबर दादाला चौकीमागे घेऊन गेला. दुसरा माझ्या दाराशी उभा राहिला. दारावर नुसता तळवा ठेवून. जोर नाही, धमकी नाही. ओळखीच्या गाडीला टेकून कुणी गप्पा माराव्यात तसा. म्हणाला, "बसा ताई. बाहेर गार आहे."

मी बसले.

नंतर हवालदारानेच दादाला दंडाला धरून आणलं, जीपमध्ये घातलं, आम्हालाही मागे बसवलं, पायथ्याच्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं दार त्याच्यासाठी उघडून धरलं! डॉक्टरला म्हणाला, "डोंगरावरून पडलाय." डॉक्टर आमच्याच वयाचा. लिहीत गेला, मान वर केली नाही. दादा काही बोलला नाही, कारण काय बोललं जातंय ते त्याला कळतच नव्हतं. मी "नाही" म्हणाले. खरंच म्हणाले. पण दादाला ऐकू न येणं समजू शकते. बाकीच्यांना का नाही आलं?

व्हॅन ठेवून घेतली. दादाचा गाइडचा परवानापण. बसने आलो. बसमध्ये कासव दोनदा म्हणाला, "मी हसलो नसतो तर."


१५ एप्रिल

कानाच्या डॉक्टरीणबाई. पडदा फाटलाय. पडदा भरून येईल म्हणाल्या, पण आतल्या भागाचं काही सांगता येत नाही. तोल जातोय तोही त्यामुळेच. मग पेन खाली ठेवून दादाच्या डाव्या बाजूला येऊन बसल्या आणि हळू विचारलं, "पडून असं होत नाही. कुणी मारलं?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. एवढा मोठा माणूस! चाळीस माणसांना दोरीवरून कडा उतरवणारा. "सांगू का?" असं माझ्याकडे बघून विचारत होता.

मी म्हणाले, सांग.


१६ एप्रिल

आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, दादा उठून बाहेरच्या दाराकडे गेला. दार उघडून बघत उभा राहिला, कोण आलंय म्हणून.


१७ एप्रिल

कालचं डोक्यातून जात नाही. एकाच कानाने ऐकू येतं तेव्हा आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही. घरात ठीक आहे. डोंगरात वरून दगड सुटला तर? दादाच नव्या पोरांना शिकवतो ना — दगड दिसायची वाट बघू नका, आवाज कुठून आला ते आधी ओळखा, मग हला. आता तो कुठे हलणार?

हे मी मोठ्याने बोलले नाही. वहिनीलाही तेच सुचलंय. तिच्या तोंडावरून कळलं.


१९ एप्रिल

तक्रार दिली. शहरातलं मोठं कार्यालय. काचेचा दरवाजा, कुंड्या, पाणी प्यायला कागदी ग्लास. मोठे साहेब इतके गोड बोलले की माझा अर्धा राग तिथेच विरघळला, आणि मग त्या विरघळण्याचा राग आला.

"तुम्ही काय करता?"

"मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते. आणि लिहिते."

"अरे वा! लिहा, लिहा. तरुणांनी लिहायलाच हवं."

मग फाइल उघडली. म्हणाले, चौकीकडूनही एक तक्रार आलेली आहे. तुमच्या भावाने ड्यूटीवरच्या माणसाची टिंगल केली, त्याच्या अंगावर हात टाकला, गणवेशाचं बटण तुटलं. बटण जोडलंय सोबत. पुरावा म्हणून. छोट्या पिशवीत.

आमच्याकडे पुरावा दादाच्या कानात. तो पिशवीत घालता येत नाही.

"दोन्ही तक्रारींची चौकशी होईल," साहेब म्हणाले. "तोपर्यंत परवाना आमच्याकडे. नियमच आहे तसा. आणि तुमच्या भावावरचं सिद्ध झालं, तर परवाना रद्द होतो. कायमचा. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतोय." जिना उतरेपर्यंत मला वाटत होतं, किती चांगला माणूस.


२१ एप्रिल

आईला कळलं. कासवाने सांगितलं. तो भेटायला आला, आईने चहा दिला, त्याने कप खाली ठेवला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. दोन घोटांतच सगळं ओकला.

आईने पदराने त्याचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "पण नाक कशाला धरायचं?"

"आई, कान बसले होते."

"मग थांबायचं ना जरा. माणूस समोर आलाय दिसत नाही? नाक धरलं तर कुणालाही वाटणार."

"कुणालाही वाटलं म्हणून कुणीही कान फोडतं का?"

"मी कुठे तसं म्हणतेय? मी म्हणतेय, नाक कशाला धरायचं."

वहिनी भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "बरोबर आहे आई. उद्यापासून आपण सगळे नाक घरी ठेवूनच बाहेर पडू."

आई हसली नाही. दादाला ऐकू आलं नाही. मी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

तेव्हापासून आई येईल त्याला करून दाखवते. शेजारच्या काकू, दूधवाला, माझी मैत्रीण. "असं केलं हो त्याने, एवढंच. असं." नाक धरून, गाल फुगवून. आईला वाटतं, कुणीतरी एकदा बघून म्हणेल, हात्तिच्या, एवढंच होय! आणि सगळं मागे जाईल.


२३ एप्रिल

दोन दिवस लिहायला बसतेय.

भविष्यकाळात लिहून बघितलं. दादा काच खाली करील. हवालदार वाकेल. वाटलं होतं, अजून घडायचंय म्हटलं की मध्ये हात घालता येईल. नाही येत. हवालदार वाकतोच.

डोंगराच्या बाजूने लिहून बघितलं. फालतू! डोंगराला काय पडलंय. फाडलं.

क्रियापदं काढून लिहिलं. काच. टोपी. नाक. हात. कान. हे जरा जमलं, आणि जमलं म्हणून स्वतःचीच शिसारी आली. कॉलेजात असल्या गोष्टीवर टाळ्या घेतल्या असत्या मी.

खरं काय खुपतंय ते लिही ना बाई.

तो हवालदार आमच्या ओळखीचा आहे. खुपतंय ते हे. मागच्या की त्याच्या मागच्या वर्षी चढावर व्हॅनचं पाणी उकळलं होतं, तेव्हा हाच चौकीतून बादली घेऊन आला. आमच्याबरोबर गाडी ढकलली. तेव्हा दादाला म्हणाला होता, "तुम्हा लोकांचं बरंय. वर जाता, बघता, घरी जाता. आम्ही इथंच. डोंगराकडे पाठ करून." आम्ही हसलो होतो. त्याला एक मोजा भेट दिला होता कासवाने, एकच, दुसरा हरवलेला होता म्हणून. तोही हसला होता.

राक्षस असता तर सोपं होतं. राक्षसाचा राग येतो आणि संपतो. इथे मला बादलीही आठवते. आणि चौकीमागून परत येताना त्याचा चेहरा आठवतो — संतापलेला नव्हता. लाकडं फोडून आल्यासारखा होता. जरा दमलेला, जरा मोकळा. त्याला सर्दीपण झाली होती, बाहीने नाक पुसत होता. त्या दिवशी आमच्याऐवजी दुसरी गाडी पहिली आली असती, तर दुसऱ्या कुणाचा कान. एवढंच असेल का ते? इतकं बिनकामाचं?

कुणीतरी कधीतरी त्याला शिकवलं असणार, की पंजा वाटीसारखा वळवला तर वळ उठत नाही. ते आपोआप सुचत नाही कुणाला. कुठल्यातरी खोलीत, कुणीतरी, "असा धर" म्हणून. जसं दादा पोरांना गाठ शिकवतो.


२४ एप्रिल

ऑफिसात खोक्यावर लिहिलं होतं "कानात घालण्यासाठी". तपासलं. बरोबर होतं.


२८ एप्रिल

कासवाच्या गाडीने गेलो. दादानेच काढलं. "दुसऱ्या रस्त्याने जाऊ. छोटा डोंगर. मला बघायचंय." वहिनी म्हणाली, "मीपण येणार," आणि आयुष्यात पहिल्यांदा आली. बूट माझे घातले, टाचेला फोड आला, बोलली नाही.

कासव गाडी चालवत होता. म्हणजे मागून सायकलवाले हॉर्न देत होते. दादा मागे, वहिनीच्या खांद्याला खांदा लावून, खिडकीबाहेर बघत. एरवी इतका बडबडतो गाडीत. ही दरड कधी कोसळली, त्या झाडाखाली कुणाला साप दिसला, या वळणावर कुठला हिरो ओकला. मीच विचारलं, "दादा, ते कुठलं शिखर?" तो म्हणाला, "हं." ऐकू आलं नव्हतं. मी परत विचारलं नाही.

पायवाटेवर पहिल्यांदा ठीक चालला. मग अरुंद झालं, एका बाजूला उतार, आणि त्याचं डावं पाऊल सारखं बाहेर जायला लागलं. कासव कायम शेवटी असतो, पण आज दादाच्या मागे मागे, हात पुढे करून चालत होता. बाळ पहिल्यांदा उभं राहिलं की आई चालते ना, तसा. दादाच्या लक्षात आलं. म्हणाला, "कासवा, इतकं हळू चालायला मी कुठून शिकलो रे?"

वर मोकळी जागा होती. दादा मधोमध उभा राहिला, डोळे मिटले. "लांब लांब जा आणि हाक मारा. एकेक जण."

मी दगडामागून हाक मारली. त्याने हात करून दाखवलं — वहिनीकडे.

वहिनीने मारली. त्याने दाखवलं — मोकळं आकाश.

कासवाने मारली. दादा गर्रकन फिरला, खात्रीने बोट केलं. परत चुकलं.

परत करू म्हणाला. परत केलं. आम्ही खोटं बोलू शकत होतो. डोळे मिटलेच होते त्याचे. तो बोट दाखवील तिकडे पळत जाऊन उभं राहिलो असतो, तर झालं असतं. मी आणि वहिनीने एकमेकींकडे बघितलंसुद्धा. पण कासव रडायला लागला आणि आवाज झाला. दादाने डोळे उघडून विचारलं, "कोण रडतंय? कुठाय?"

उतरताना कान बसले. सगळ्यांचेच. शेवटचं वळण आलं. कुणीच नाक धरलं नाही. गाडी घरी येईपर्यंत चौघंही तसेच, कापूस कोंबलेले. वहिनीला तर माहीतच नव्हतं की उघडता येतात.


३ मे

कासवाला फोन आला. चौकीतल्या साहेबांचा. त्यालाच का? कारण तो ऐकून घेतो.

असं आहे. दादाने तक्रार मागे घ्यायची. आणि लिहून द्यायचं की डोंगरावरून पडलो, कानाला इजा त्यानेच. मग त्यांची तक्रार ते मागे घेणार. परवाना परत, व्हॅन परत. सीझन तोंडावर आलाय. "मिटवून टाकू, सगळ्यांच्याच हिताचं आहे."

मी ओरडले. काय काय बोलले — इतके दिवस वहीत साठवलेलं सगळं. दादा माझ्या ओठांकडे बघत होता.

वहिनीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आता माझं ऐका वन्संबाई. केस उभी राहील तेव्हा राहील. तोवर परवाना त्यांच्याकडे. त्यांचे तीन पोलीस आणि एक बटण. आपल्याकडे तू, कासव भावजी आणि याचं ते नाक. आणि हरलो तर? हा माणूस परत कधी डोंगराकडे तोंड करेल का? कान गेला तो गेला. डोंगर पण घालवू?"

"म्हणजे जे झालं ते डोंगराने केलं असं लिहून द्यायचं?"

"डोंगर काही रागावणार नाही."

"मी रागावीन!"

"तू रागाव गं. तुझी त्यातून गोष्ट तरी होईल. आम्हाला यातच राहायचंय."

लागलं. नीट वर्मी लागलं. आणि तिला बोलून झाल्यावर माझ्यापेक्षा जास्त लागलं. ती तशीच उठून दादाच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, मग लक्षात आलं, उठली, डाव्या बाजूला येऊन बसली.

दादा मला म्हणाला, "पेन्सिल, तू काय म्हणालीस शेवटी? मला नाही कळलं."

काही नाही म्हणाले.


७ मे

सही झाली.

चौकीत गेलो होतो. त्याच रस्त्याने, बसने. आत एक टेबल, भिंतीवर तालुक्याएवढा नकाशा, कोपऱ्यात शेगडी. साहेब पोटाने मोठे, बोलायला मोकळे. तो हवालदार दाराशी उभा. दादाने त्याच्याकडे बघितलं, त्याने दादाकडे. दोघांनी मान हलवली. एकाच लग्नात भेटलेले लांबचे पाहुणे हलवतात तशी!

साहेबांनी कागद पुढे ओढला. "हं. कुठे पडलास?"

"मी पडलो नाही," दादा म्हणाला.

"अरे बाबा, ते झालं आता. जागा सांग. जागा लिहावी लागते."

साहेबांनी स्वतःच लिहायला घेतलं. "तळ्याकडची वाट."

आणि माझा भाऊ — इतके दिवस ज्याच्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं — खुर्चीत ताठ झाला. "कुठली वाट?"

"तळ्याकडची."

"तिथे मी पडलो?"

"हो."

"अहो साहेब, तिथे पोरं तीनचाकी सायकल चालवतात! आजोबा लोक पेपर वाचत चालतात तिथे! टेबलासारखी सपाट आहे ती वाट, दोन्हीकडे गवत. पडलं तरी माणूस तिथे झोपला असं म्हणतील. मी वीस वर्षं गाइड आहे. चार लोकांत काय तोंड दाखवू?"

साहेब हसायला लागले. "मग कुठे पडतोस?"

"मधल्या कड्यावर लिहा. कड्याच्या उत्तर बाजूला, ओल्या खडकावर. तिथे कुणीही पडू शकतं. मोठे मोठे पडलेत."

"तो कडा पलीकडच्या चौकीत जातो रे. आमच्या हद्दीत पड की!"

"मग खिंडीखालची घसरण."

"तीपण त्यांचीच. आमच्याकडे तळंच येतं. काय करू? सरकारने असंच वाटून दिलंय."

कासव हसला. दाराशी हवालदार हसला. दादापण हसत होता, मान हलवत, हात जोडून, "निदान पावसात तरी लिहा हो साहेब, निसरडं होतं म्हणून!" आणि मीही हसले. खरंच हसायला येत होतं. सगळी खोली हसत होती, शेगडी फुरफुरत होती, आणि बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय छान चाललंय. माझं हसणं थांबेना. वहिनीने माझी मांडी चिमटीत धरून पिळली, तेव्हा थांबलं.

पाऊस लिहिला त्यांनी. तेवढं ऐकलं.

दादाने सही केली. हवालदाराने व्हॅनची किल्ली आणून दिली. व्हॅन धुतली होती. पुढची काच लखलखीत. "पाणी घातलंय रेडिएटरमध्ये," म्हणाला. दादा "थँक्यू" म्हणाला.


८ मे

थँक्यू म्हणाला!


१७ मे

परवाना फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय. वहिनीने लावला. दादा त्याच्याकडे बघून दूध काढतो, परत लावतो दार.

ट्रेकवाल्या कंपनीने पहिली तुकडी दिली होती. सोपी, शाळेची पोरं. दादाने स्वतः फोन करून नाही सांगितलं. "आवाज आला आणि मी चुकीच्या पोराला ओढलं तर?" कंपनी बिचारी चांगली आहे, त्याला सामानाच्या खोलीत घेतलं. बूट द्यायचे, दोऱ्या तपासायच्या, परत आलेले तंबू वाळत घालायचे. तंबू वाळत घालताना तो त्यांना चिकटलेलं गवत निवडून बघतो आणि कुठे जाऊन आले ते ओळखतो. मला फोटो पाठवतो. "ओळख." मी चुकीचं ओळखते, मुद्दाम नाही.

म्हणजे कानही गेला, डोंगरही गेला, आणि सही राहिली. वहिनी मला एवढंच म्हणाली, "बोल. आता बोल ना." मी भाजी चिरायला घेतली. दोघींनी मिळून गरजेपेक्षा खूप जास्त भाजी चिरली.

कासव येत नाही हल्ली. फोन केला तर म्हणतो, कवळ्या साचल्यात.


२५ मे

वाटेत पोलिसांची गाडी दिसली, सिग्नलला, माझ्या शेजारी. आतला पोलीस सफरचंद खात होता. माझं नाक खाजत होतं. मी खाजवलं नाही. हिरवा होईपर्यंत तशीच उभी राहिले.


३० मे

काही नाही.


११ जून

परवाना असलेल्या सगळ्या गाइडना मोबाईलवर सूचना आलीये. दादा सामानाच्या खोलीतून मधल्या सुट्टीत घरी आला, बूटसुद्धा न काढता, आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मी मोठ्याने वाचलं, त्याच्या डाव्या बाजूला बसून. तळ्याकडची वाट पुढील आदेश येईपर्यंत बंद. मागील वर्षभरात या वाटेवर पडून जखमी झालेल्यांची संख्या एकवीस झाल्यामुळे.

वहिनी हातातलं तसंच टाकून आली. "परत वाच."

परत वाचलं.

दादा म्हणाला, "बाकीचे वीस कोण?"